वाचलेला मुकादम

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाटात शिरली की मुलं बोगदे मोजायला लागतात. आपणही लहानपणी मोजलेत. प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा आणि कर्जत येईपर्यंत भांडण चालायचं. पण हे बोगदे फोडले कुणी आणि कसे, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात येत नसे.

बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल! एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं या डोंगरात राबत होती. मधेच ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ठेका आपल्या नावावर घेऊन माणसं नेमली आणि काम तडीस नेलं. तिच्यावर कधीतरी वेगळं लिहायलाच हवं. आज मात्र सांगायचंय ते सुरुंगाबद्दल.

आपला काळा पत्थर साध्या घणानं हटत नाही. त्याला भोक पाडायचं, भोकात सुरुंगाची दारू भरायची, वात सोडायची, वरून वाळू-माती घालायची आणि लोखंडी पहारीनं ती ठासून बसवायची. मग वात पेटवून धूम पळायचं. ठासताना ठिणगी उडाली तर संपलंच. घाटात अशी किती माणसं दगावली आणि किती जणांच्या डोक्याला दगड लागून ती जन्माची अधू झाली, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पण याच कामावरच्या एका मुकादमाचं नाव मात्र आज जगातल्या प्रत्येक डॉक्टरला आणि मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. तो आपल्या घाटातला नव्हे, अमेरिकेतला. त्याचं नाव फिनियस गेज. मेंदूला मार लागला की माणसाचं नेमकं काय बिघडतं, हे शोधणाऱ्या शास्त्राच्या पुस्तकात हमखास पहिल्या धड्यातच हा माणूस भेटतो. आणि मैत्रिणींनो, त्याची गोष्ट आपल्या घरांपासून वाटते तितकी लांबची नाही.

कामाचा माणूस

फिनियसचा जन्म १८२३ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातला. पाच भावंडांत तो थोरला. वडील जेसी, आई हॅना. कमी वयातच तो रेल्वेच्या कामावर लागला आणि पंचविशीत मुकादम झाला. हाताखाली माणसांची टोळी. अंगानं काटक, डोक्यानं शांत आणि व्यवहाराला चोख. हाती घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय सोडायचं नाही, असा त्याचा लौकिक होता. कंपनीचे साहेब त्याला आपला सगळ्यात कर्तबगार मुकादम मानत. त्यानं स्वतःसाठी एका लोहाराकडून खास पहार घडवून घेतली होती. तीन फूट सात इंच लांब, सव्वा इंच जाड, वजनाला सहा किलो, आणि एका टोकाला निमुळती होत गेलेली.

१३ सप्टेंबर १८४८. व्हर्मांट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडायचं काम चालू होतं. दुपारचे साडेचार वाजले असतील. भोकात दारू भरून झाली होती. मागे माणसांचा काहीतरी आवाज झाला म्हणून गेजनं उजव्या खांद्यावरून मान वळवली आणि काही बोलायला तोंड उघडलं. बहुधा वर वाळू टाकायची राहून गेली होती. पहार खडकाला घासली, ठिणगी उडाली आणि दारूचा भडका झाला. पहार बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. डाव्या गालातून आत शिरली, डाव्या डोळ्याच्या मागून गेली, कपाळाच्या वरच्या बाजूनं कवटी फोडून बाहेर पडली आणि ऐंशी फुटांवर जाऊन पडली.

गेज उताणा कोसळला. हातपाय झटके देऊन आखडले. माणसं धावली ती मेलेल्याला उचलायला म्हणूनच. आणि काही मिनिटांत हा माणूस बोलायला लागला! थोडा आधार घेऊन चालला. बैलगाडीत ताठ बसून गावातल्या आपल्या मुक्कामी आला. डॉक्टर विल्यम्स पोहोचले तेव्हा तो खाणावळीच्या दारात खुर्चीवर बसला होता आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगत होता. डॉक्टरांना आधी ते खरंच वाटेना.

संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसरे डॉक्टर आले, जॉन मार्टिन हार्लो. तिशीही न गाठलेला गावचा साधा डॉक्टर. तेव्हा जंतू म्हणजे काय हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, जंतू मारणारी औषधं तर फार पुढची गोष्ट. हार्लोंनी हाडाचे तुकडे काढले, जखम पुसली, बांधली आणि रात्रंदिवस लक्ष ठेवलं. काही दिवसांनी जखमेत पू झाला, गेज गुंगीत गेला. घरच्यांनी आशा सोडली. शवपेटी आणि शेवटचे कपडे तयार ठेवले गेले. हार्लोंनी पू काढून टाकला, आणि महिना उलटायच्या आत गेज अंथरुणातून उठून पावलं टाकू लागला. दहा आठवड्यांनी तो आईवडिलांच्या घरी परतला. डावा डोळा गेला होता, बाकी हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, स्मरणशक्ती शाबूत.

गावाला हा चमत्कारच वाटला. कुणालाही वाटला असता.

मोठ्या डॉक्टरांना न दिसलेलं

पुढच्या वर्षी बोस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठातले शल्यचिकित्सेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांनी गेजला बोलावून घेतलं. कित्येक आठवडे तपासलं. इतर डॉक्टरांसमोर उभं केलं. आणि निष्कर्ष काढला, की हा माणूस शरीरानं आणि बुद्धीनं पूर्ण बरा झालाय.

इकडे गेज पुन्हा कामावर रुजू व्हायला गेला, तर ज्या कंपनीला त्याच्याशिवाय चालत नव्हतं, तिनं त्याला मुकादम म्हणून परत घ्यायला नकार दिला. का? तर बरोबर काम केलेल्यांना त्याच्यात ओळखीचा माणूसच सापडत नव्हता. बोलण्यात ताळतंत्र राहिला नव्हता. पूर्वी कधी तोंडातून न आलेल्या शिव्या आता सहज यायच्या. मनाविरुद्ध कुणी सल्ला दिला की तो उखडायचा. दहा बेत करायचा आणि अकरावा सुचला की दहाही सोडून द्यायचा. कधी हट्टी, कधी घडीघडीला बदलणारा.

हे सगळं हार्लोंनी टिपून ठेवलं. आणखी एक छोटी गोष्टही त्यांनी नोंदवली. मला तर सगळ्या हकिगतीत तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेजला जुनं सगळं आठवत होतं, पण पैशाचा आणि आकारमानाचा अंदाज त्याला येईनासा झाला होता. कामावर जुन्या नदीच्या पात्रात सापडलेले काही गोटे त्यानं जवळ ठेवले होते. त्या गोट्यांचे कुणी हजार डॉलर दिले असते तरी तो द्यायला तयार नव्हता. त्या काळी हजार डॉलर म्हणजे कामगाराची काही वर्षांची कमाई!

बघा, एकाच माणसाबद्दल दोन डॉक्टरांची दोन मतं. बिगेलोंनी पाहिलं, की हा चालतो, बोलतो, प्रश्नांची उत्तरं देतो. त्यांचं पाहणं खोटं नव्हतं, पण ते दवाखान्यातलं पाहणं होतं. हार्लोंनी विचारलं, की हा पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे. आणि ते विचारलं त्याला रोज पाहणाऱ्या माणसांना. गोट्यांची गोष्ट म्हणजे तर एक साधी चाचणीच होती. आज मेंदूच्या दुखापतीनंतर ज्या चाचण्या घेतात, त्यांच्या मुळाशी हेच आहे.

गंमत म्हणजे हार्लोंनी १८४८ च्या पहिल्या लेखात या बदलाबद्दल जवळजवळ काही लिहिलं नव्हतं. सविस्तर लिहिलं ते वीस वर्षांनी, १८६८ मध्ये. तोवर गेज जाऊनही आठ वर्षं झाली होती.

कपाळामागचा मुकादम

पहारीनं नेमकं काय नेलं होतं? कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, त्यातला डाव्या बाजूचा बराचसा. हातपाय हलवणं, बघणं, ऐकणं ही कामं मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागांत चालतात, ती वाचली. बोलण्याचं केंद्रही बहुतेक लोकांत डाव्या बाजूलाच असतं, पण पहार त्याला सोडून गेली असावी. गेजच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या डॉक्टर पॉल ब्रोकांनी वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू तपासून ते केंद्र दाखवून दिलं.

मग पुढच्या भागाचं काम काय? सोपं करून सांगायचं तर तो मेंदूतला मुकादम. घरात दूध उतू जातंय, दारात गॅसवाला उभा आहे, मुलाची शाळेची गाडी यायचीय, फोन वाजतोय. अशा वेळी आधी गॅस बंद करायचा, मग दार उघडायचं आणि फोन वाजू द्यायचा, हे आपण क्षणात ठरवतो. तोंडावर आलेला शब्द सासूबाईंसमोर गिळतो. या महिन्यात साडी घेतली तर पुढच्या महिन्यात फी कशी भरायची, हा हिशेब करतो. ठरवणं, क्रम लावणं, आवरणं, पुढचं बघणं ही सगळी कामं याच भागाच्या भरवशावर चालतात. हा मुकादम जखमी झाला की कामगार असतात, हत्यारं असतात, पण काम उभं राहत नाही. रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातला मुकादमच जखमी व्हावा, हा कसला योगायोग!

चिलीतली वर्षं

पुढे बऱ्याच पुस्तकांनी गेजला पार वाया गेलेला करून टाकलं. दारुडा, भांडकुदळ, गावोगाव भटकणारा. तसा पुरावा मात्र सापडत नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळली आणि २००० साली गेजवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यातून दिसणारा गेज वेगळा आहे.

काही काळ त्यानं न्यूयॉर्कला बार्नमच्या प्रदर्शनात आपली पहार घेऊन लोकांसमोर उभं राहून पोट भरलं. मग आपल्याच राज्यात एका तबेल्यात जवळजवळ दीड वर्ष काम केलं. १८५२ मध्ये तो थेट दक्षिण अमेरिकेत, चिली देशात गेला आणि व्हालपरायसो ते सँटियागो या रस्त्यावर प्रवाशांची घोडागाडी हाकू लागला. सहा घोड्यांची गाडी, डोंगराळ वाट, परकी भाषा, गाडीत उतारू. तिथे त्यानं सुमारे सात वर्षं काढली.

ज्याला बेत धरून ठेवता येत नव्हता, तो हे कसं करू शकला? मॅकमिलन यांचं म्हणणं असं, की त्या कामाची घडीच त्याच्या उपयोगी पडली. रोज त्याच वेळेला उठायचं, त्याच क्रमानं घोडे जोडायचे, त्याच रस्त्यानं जायचं. पुढे काय करायचं हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागत नव्हतं. ठरलेल्या दिनक्रमानं त्याला सावरलं. जखम भरून येण्याची वर्षंही मिळाली. मेंदूला लागलेला मार पुसला जात नाही, पण माणूस त्याच्यासकट उभा राहू शकतो, हे गेजनं दीडशे वर्षांपूर्वी दाखवलं. पुस्तकांनी मात्र त्याच्या शिव्याच तेवढ्या लक्षात ठेवल्या.

१८५९ मध्ये त्याची तब्येत ढासळली आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. आई आता तिथे मुलगी फीबी आणि जावयाजवळ राहत होती. थोडं बरं वाटल्यावर त्यानं जवळच्याच एका शेतावर काम धरलं. भाच्यांना तो रंगवून रंगवून धाडसाच्या गोष्टी सांगायचा, त्यातल्या बऱ्याचशा मनच्याच असायच्या. मुलं, घोडे, कुत्री यांचा त्याला लळा होता. आणि ती पहार! मधला थोडा काळ सोडला तर जन्मभर त्यानं ती जवळ बाळगली.

फेब्रुवारी १८६० मध्ये त्याला फिट आली. मग फिट येतच राहिल्या. एका मालकाकडे मन रमेना, काम बदलत राहिला. मे महिन्यात तो शेतावरून आईच्या घरी आला. दोनच दिवसांनी पहाटे मोठी फिट आली, आणि २१ मे १८६० रोजी रात्री गेज गेला. वय छत्तीस. अपघाताला जवळजवळ बारा वर्षं झाली होती.

हार्लोंना हे कळायलाही कित्येक वर्षं लागली. १८६६ मध्ये पत्ता लागल्यावर त्यांनी हॅनाबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. गेजच्या शेवटच्या वर्षांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक या आईनं सांगितलेलं. मग हार्लोंनी फार अवघड गोष्ट मागितली. पुरलेल्या मुलाची कवटी अभ्यासासाठी द्याल का? कुठल्या आईला हे सोसेल? पण घरच्यांनी होकार दिला. थडगं उघडलं गेलं आणि जावयानं कवटी आणि पहार हार्लोंच्या हाती दिली. त्या दोन्ही वस्तू हार्वर्डच्या वॉरेन शरीरशास्त्र संग्रहालयात जपल्या आहेत. १९९४ मध्ये याच कवटीची मोजमापं संगणकाला देऊन हॅना डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहारीचा मार्ग पुन्हा आखला. आईचं नाव हॅना आणि ही शास्त्रज्ञही हॅना!

२००९ मध्ये गेजचा एक जुना फोटो प्रसिद्ध झाला. नीटनेटका कोट घातलेला देखणा तरुण, डावा डोळा मिटलेला, हातात पहार. पुस्तकांतल्या त्या बिघडलेल्या माणसाशी हा चेहरा जुळत नाही.

चाचणी म्हणजे काय असतं?

आज असा रोगी आला तर आधी सीटी स्कॅन, एमआरआय होतं. रक्त साकळलंय का, सूज आहे का ते त्यात दिसतं. पण हा माणूस घरचा हिशेब सांभाळू शकेल का, हे स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन चांगलं असूनही त्रास असू शकतो. त्यासाठी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ वेगळ्या चाचण्या घेतात. त्यात सुई नाही, यंत्र नाही, दुखणं तर अजिबात नाही.

समोर बसवून काही आकडे सांगतात, ते तसेच म्हणायचे, मग उलट म्हणायचे. यात लक्ष किती टिकतं ते कळतं. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारतात. नवं किती साठतं ते त्यात दिसतं. विखुरलेले आकडे रेघेनं क्रमानं जोडायला देतात, त्यात मेंदूचा वेग समजतो. काड्यांवरचे मणी ठरावीक खेपांत हलवून नमुन्यासारखे लावायला सांगतात, कारण त्यात आधी मनात बेत करावा लागतो.

पत्त्यांची एक चाचणी तर फारच मजेशीर आहे. पत्ते रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे किंवा संख्येप्रमाणे लावायचे, पण नियम कोणता ते सांगत नाहीत. फक्त चूक की बरोबर एवढंच सांगतात. नियम सापडला की गुपचूप तो बदलतात. आपण दोन-तीन चुकांनंतर ओळखतो, की आता काहीतरी बदललं. मेंदूचा पुढचा भाग दुखावलेली व्यक्ती मात्र बऱ्याचदा चूक ऐकूनही जुनाच नियम धरून बसते. डेव्हिड ग्रँट आणि एस्टा बर्ग यांनी ही चाचणी प्रसिद्ध केली १९४८ मध्ये, म्हणजे गेजच्या अपघाताला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. पुढे १९६३ मध्ये कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांवर ती वापरून पुढच्या भागाचं हे काम स्पष्ट केलं.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २००४ मध्ये अशा चाचण्यांचा एक संच भारतीय लोकांसाठी प्रमाणित केला. त्यात वय आणि शिक्षण धरून गुण पाहतात. हे फार मोलाचं आहे. चौथी शिकलेल्या आजींची तुलना पदवीधर मुलीशी केली, तर आजी विनाकारण आजारी ठरतील. म्हणून मोबाइलवर सापडणाऱ्या फुकटच्या चाचण्यांवर विसंबू नका.

एक खबरदारीही आहे. चाचणीची खोली शांत असते, समोरचा माणूस एका वेळी एकच काम देतो. त्यामुळे काही रोगी तिथे छान गुण मिळवतात आणि घरी येऊन गोंधळतात. म्हणूनच चांगला मानसशास्त्रज्ञ घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतो. तिथे मोकळेपणानं सांगा. नवऱ्याची निंदा केल्यासारखं वाटून घेऊ नका.

आपल्या घरात

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या मावळातून जुना हायवे जातो, एक्स्प्रेस वे जातो, आणि आता गावोगाव घरटी दुचाकी आहे. पावसाळ्यात कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत धुकं असं उतरतं, की चार हातांवरचं दिसत नाही. अपघात होतो. डोक्याला लागतं. माणूस वाचतो. देवाला नारळ वाढवतात. महिन्याभरात तो चालायला-फिरायला लागतो, पाहुणे बघून जातात आणि म्हणतात, छान झालं, काही कळूनसुद्धा येत नाही.

कळतं ते त्या घरातल्या बाईला. पूर्वी आवाज न चढवणारा माणूस ताट भिरकावतो. भाताचे पैसे आले की दोन दिवसांत उडवतो. सकाळी शेतावर जायचं ठरवून दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहतो. गर्दीत, आवाजात चिडतो, लवकर थकतो. ती कुणाला सांगायला गेली तर ऐकावं लागतं, की रिपोर्ट तर चांगला आहे, तूच सांभाळून घे. कुणी म्हणतं आळशी झालाय, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलंय, अंगारा लावा. तिलाही वाटायला लागतं, की आपलंच काही चुकतंय का?

नाही बाई, तुझं चुकत नाहीये. गेजच्या मित्रांचंही चुकलं नव्हतं. तू जे बघतेस ते खरं आहे, आणि बहुतेकदा तो मुद्दाम करत नाही. त्याच्या मेंदूतला मुकादम जखमी झालाय. पण याचा अर्थ मार खात बसायचं असा मुळीच नाही. दुखापत हे रागाचं कारण असू शकतं, मारहाणीला परवानगी नव्हे. जिवाची भीती वाटली तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करायचं.

आणि डोक्याला फक्त पुरुषांच्याच लागतं असं थोडंच आहे? मोरीत पाय घसरून, माळ्यावरून पडून, दुचाकीवर एका बाजूला बसलेली असताना पदर चाकात अडकून बायकांनाही लागतं. काही घरांत मारहाणीतही लागतं आणि ते दवाखान्यात कधी सांगितलं जात नाही. मग स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं, गॅसवरचं विसरतं, आणि तिच्या वाट्याला वेंधळी हे नाव येतं. तिला कुणी चाचणीला नेत नाही. तिलाही न्यायला हवं.

तर करायचं काय? डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, फिट, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. बेशुद्ध पडला नाही म्हणून लागलंच नाही, असं समजू नका. गेज तर बैलगाडीत बसून आला होता!

पुढच्या महिन्यांत वागण्यातला, झोपेतला, लक्षातला फरक तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. पूर्वी कसा आणि आता कसा, असं लिहा. ती वही घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि अशा चाचण्या करता येतील का, असं स्पष्ट विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात, सुरुवात तिथूनही करता येईल. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातही अशा चाचणीचा अहवाल कामी येऊ शकतो, कारण हात मोडलेला सगळ्यांना दिसतो, हे दिसत नाही. फिटची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दारू तर नकोच.

घरात गेजच्या घोडागाडीची आठवण ठेवा. रोजचा क्रम ठरलेला असू द्या. उठणं, आंघोळ, जेवण, काम, झोप त्याच त्याच वेळेला. भिंतीवर मोठ्या अक्षरात यादी लावा. एका वेळी एकच काम सांगा. बोलताना टीव्ही बंद करा. मोठा व्यवहार, जमिनीची सही, उसनवारी यात काही काळ घरातलं दुसरं माणूस बरोबर असू द्या. जमलेल्या कामाचं कौतुक करा. सुधारणा महिन्यांत होते, काही वेळा वर्षांत. पण होते.

आणि हेल्मेट. कायद्यानं ते मागे बसणाऱ्यालाही लागतं. अंबाडा विस्कटतो, गजरा चुरगळतो, सगळं मान्य! पण कपाळामागच्या त्या मुकादमाला दुसरा बदली मिळत नाही.

पुढच्या वेळी घाटातून जाताना मुलं बोगदे मोजू लागली की त्यांना ही गोष्ट सांगा. दगड फोडणारे ते हात कुणाचे होते, तेही सांगा. आणि तुमच्या गल्लीत डोक्याला मार लागून बरा झालेला कुणी असेल, तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला किंवा आईला एकदा विचारा, की तो पूर्वीसारखा आहे का. ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. कदाचित आजवर तिला हे कुणीच विचारलेलं नसेल.